बेसबॉल सॅव्हंट: बॅट दणकट, पण मैदानात जागा नाही, अशा खेळाडूला तोलायला किती कामाचं?

बेसबॉल सॅव्हंट ही मेजर लीग बेसबॉलची आकडेवारीची साइट. फुकट आहे आणि खातं उघडावं लागत नाही. अमेरिकेत राहून डायनॅस्टी फॅन्टसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ वर्षानुवर्षं सांभाळण्याचा खेळ, खेळणारे बरेच मराठी लोक रोज ती उघडतात, पण बहुतेकांची नजर खेळाडूच्या पानावरच्या लाल-निळ्या गोळ्यांपुढे (लाल म्हणजे लीगमध्ये वरचा, निळा म्हणजे खालचा) जात नाही. इथे या साइटची पारख एकाच कामापुरती केली आहे. एखादा तरुण खेळाडू चेंडू फोडून काढतो, पण तो मैदानात नेमका कुठे उभा राहणार हे त्याच्या क्लबलाही ठरवता येत नाही. अशा खेळाडूची किंमत करताना सॅव्हंट कुठे साथ देतं आणि कुठे तोंडघशी पाडतं?

निकाल आधीच सांगतो. बॅट, म्हणजे फलंदाजी, तोलायला दहापैकी नऊ; ग्लोव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षण, तोलायला दहापैकी चार. आणि बॅट व ग्लोव्ह यांची बेरीज करून जी शेवटची किंमत निघते, ती सॅव्हंट काढतच नाही. ती आपणच काढायची.

तो हिशेब अगोदर करू, कारण त्याशिवाय बाकीचे आकडे बघण्यात अर्थ नाही. फॅनग्राफ्स ही दुसरी साइट मैदानातल्या प्रत्येक जागेला, ती सांभाळणं किती अवघड त्यावरून, धावांचं एक वजन देते. पूर्ण १६२ सामन्यांच्या हंगामाला कॅचरला १२.५ धावा अधिक, शॉर्टस्टॉपला ७.५ अधिक, सेकंड बेस, थर्ड बेस आणि सेंटर फील्डला २.५ अधिक. लेफ्ट आणि राइट फील्डला ७.५ वजा, फर्स्ट बेसला १२.५ वजा, आणि नुसती फलंदाजी करणाऱ्या डेझिग्नेटेड हिटरला, म्हणजे डीएचला, १७.५ वजा. साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. क्लबला कधीही स्वस्तात मिळू शकेल अशा पर्यायी खेळाडूपेक्षा सरासरी खेळाडू हंगामात सुमारे २० धावांनी सरस धरतात. म्हणजे सरासरी बॅट असलेला डीएच २० मधून १७.५ गेल्यावर जवळपास शून्यावर येतो. क्लबसाठी तो फुकट्या खेळाडूइतकाच. त्याला सरासरी नियमित खेळाडूच्या, म्हणजे दोन विजयांच्या, पातळीवर यायचं तर बॅटनेच आणखी वीसेक धावा काढायला हव्यात. फॅनग्राफ्सच्या डब्ल्यूआरसी प्लस या मापात, जिथे १०० म्हणजे सरासरी, हे सुमारे १२५ होतं. तरुण डीएचसाठी १२५ हा उंबरठा आहे, यशाची खूण नव्हे.

याच तक्त्यातून दुसरी गोष्ट निघते आणि ती जास्त कामाची आहे. लेफ्ट फील्ड आणि डीएच यांच्यात दहा धावांचा फरक आहे. म्हणून एखादा जड खेळाडू लेफ्ट फील्डला सरासरीपेक्षा दहा धावांहून कमी नुकसान करत असेल, तर त्याला तिथे उभं करणं परवडतं. त्याहून जास्त करत असेल, तर त्याला बाकावर बसवून नुसती बॅट द्यायची. फर्स्ट बेसला हाच फरक फक्त पाच धावांचा आहे. ‘वाईट आहे, पण चालेल’ हे लेफ्ट फील्डला म्हणता येतं, फर्स्ट बेसला तितक्या सहज म्हणता येत नाही. ज्यांना बेसबॉल नवं आहे त्यांनी डीएच म्हणजे आयपीएलच्या इम्पॅक्ट प्लेयरचा सख्खा भाऊ समजावा, फरक इतकाच की तो पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत फक्त फलंदाजीच करतो.

आता सॅव्हंटकडे. मेजर लीगच्या मैदानांवर चेंडूचा आणि खेळाडूंचा वेग मोजणारी स्टॅटकास्ट यंत्रणा २०१५ पासून आहे आणि २०२० पासून तिच्यात हॉक-आयचे कॅमेरे आहेत, तेच जे क्रिकेटमध्ये पायचीतसाठी दिसतात. प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू तरुण, पाहणाऱ्यांसाठी मोलाची गोष्ट म्हणजे मायनर लीगचा, म्हणजे मेजर लीगखालच्या तयारीच्या लीगांचा, वेगळा शोध-पानाचा विभाग. त्यात २०२३ पासून संपूर्ण ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालची पातळी, आहे, आणि खालच्या पातळीवरची फ्लोरिडा स्टेट लीगही आहे. मधली डबल-ए आणि हाय-ए मात्र लोकांसाठी खुली नाही. हे भोक मोठं आहे, कारण कॉलेजातून आलेले दणकट फलंदाज बहुतेक वेळ नेमके तिथेच घालवतात. कॅन्सस सिटी रॉयल्सने २०२४ मध्ये सहाव्या क्रमांकावर उचललेला जॅक कॅग्लियानोने बघा. फ्लोरिडा विद्यापीठात त्याने २०२३ मध्ये ३३ आणि २०२४ मध्ये ३५ होमरन (चेंडू थेट कुंपणापार) मारले होते, शिवाय तो डावखुरा पिचरही (गोलंदाजही) होता. २०२५ चा हंगाम त्याने डबल-ए मध्ये सुरू केला, थोडे दिवस ओमाहाला ट्रिपल-ए खेळला आणि ३ जूनला मेजर लीगमध्ये उतरला. म्हणजे वर येण्याआधीचा त्याचा मायनर लीगमधला सार्वजनिक चेंडूनिहाय डेटा ओमाहाच्या त्या थोड्या दिवसांचाच. एवढ्यावर ताकद कळते, शिस्त कळत नाही.

फाइल उतरवण्याची रीत सोपी आहे. मायनर लीग सर्चच्या पानावर हंगाम निवडा, पातळी ट्रिपल-ए ठेवा, खेळाडूचा प्रकार बॅटर ठेवा, नाव टाका आणि शोधा. निकालाचा सारांश नको, चेंडूनिहाय सीएसव्ही घ्या. तिच्यात शंभराहून जास्त कॉलम असतात, पण लागतात ते सातच: लाँच स्पीड (फटक्याचा वेग), लाँच अँगल (फटक्याचा कोन), डिस्क्रिप्शन (चेंडूचं काय झालं), झोन, पिच टाइप (चेंडूचा प्रकार), रिलीज स्पीड (पिचरच्या हातून सुटतानाचा वेग) आणि पिचरचा हात.

पहिली गाळणी डिस्क्रिप्शनवर लावायची, ‘हिट इंटू प्ले’, म्हणजे मैदानात मारलेले, एवढेच चेंडू ठेवायचे. इथे भलेभले फसतात. लाँच स्पीडच्या कॉलममध्ये फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेल्या, चेंडूंचाही वेग भरलेला असतो. ते न गाळता सरासरी काढली तर आकडा खाली ओढला जातो आणि सॅव्हंटच्या पानावरच्या आकड्याशी जुळत नाही. मेजर लीगच्या जुन्या वर्षांच्या फायलीत आणखी एक खोड आहे. यंत्रणेला न सापडलेल्या चेंडूंना ठोकळ अंदाजी वेग भरलेला असतो, त्यामुळे तोच वेग आणि तोच कोन पुन्हा पुन्हा दिसतो. अशा ओळी सरळ काढून टाकाव्यात.

उरलेल्या चेंडूंवर एक्सेलमधलं पर्सेंटाइल सूत्र ०.९ लावून चालवा. फटक्याच्या वेगाचा हा नव्वदावा टक्का, ज्याच्या वर फक्त दहा टक्के फटके जातात, म्हणजे या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात भरवशाचा एक आकडा. सरासरी वेगात उलट्या-सुलट्या टोलांची भेसळ असते, आणि कमाल वेग म्हणजे एका दिवसाचा एक चेंडू. मेजर लीगमधल्या सर्वसाधारण फलंदाजाचा नव्वदावा टक्का ताशी १०३-१०४ मैलांच्या आसपास असतो. डीएच म्हणून पोट भरू पाहणाऱ्याचा तो १०७-१०८ च्या पुढे हवा. १०५ असेल तर त्याच्याकडे ताकद आहे, पण जागेशिवाय जगण्याइतकी नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण वेग जमिनीत गेला तर वाया. म्हणून ९५ मैलांवरचे फटके वेगळे काढून त्यातले किती १० ते ३५ अंशांच्या कोनात गेले ते मोजा. सॅव्हंटची बॅरल, म्हणजे सर्वोत्तम फटका, ही कल्पना याच जोडीवर उभी आहे. ९८ मैलांच्या फटक्याला २६ ते ३० अंश एवढीच अरुंद खिडकी मिळते. वेग वाढत जातो तशी ती रुंदावते आणि ११६ मैलांना ८ ते ५० अंश होते. म्हणून ११२ मैलांनी मारणाऱ्याला कोन थोडा चुकला तरी चालतं, १०० मैलांवाल्याला चालत नाही. होमरनच्या संख्येपेक्षा हे माप मायनर लीगमध्ये जास्त खरं बोलतं. पॅसिफिक कोस्ट लीगमधली अल्बुकर्की, रीनो, सॉल्ट लेक, एल पासो, लास व्हेगास ही मैदानं उंचावर आहेत. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, होमरन फुगतात. बॅटवरून निघतानाच्या वेगाला उंचीचा फारसा फरक पडत नाही.

तिसरा आकडा झोनमधल्या संपर्काचा. झोन कॉलममध्ये १ ते ९ म्हणजे स्ट्राइक झोनच्या, म्हणजे फलंदाजाने मारायलाच हवा त्या चौकटीच्या, आतला चेंडू, ११ ते १४ म्हणजे बाहेरचा. आतल्या चेंडूंवर बॅट फिरवली ते सगळे मोजा, त्यातले किती लागले ते काढा. फाउल टिपला, म्हणजे बॅटला निसटता लागून कॅचरच्या हातात गेलेल्या चेंडूला, चुकलेला फटका धरायचं की लागलेला, हे एकदा ठरवा आणि सगळ्या खेळाडूंना तेच लावा, नाहीतर तुलना मोडते. मेजर लीगची सरासरी ८२ टक्क्यांच्या जवळपास आहे. ताकदवान फलंदाज ७५-७८ वर नांदतो. ७० च्या खाली गेल्यावर तग धरणारे फार थोडे, आणि त्यांना सहसा दुसरी कशाची तरी जोड असते. जोई गॅलोने २०१८ मध्ये .२०६ सरासरीने ४० होमरन मारले. चेंडू चुकवण्यात तो कायम पुढे होता. पण त्याचा हात आणि पाय इतके चांगले होते की थर्ड बेसवरून मैदानाच्या बाहेरच्या भागात, म्हणजे आउटफिल्डला, गेल्यावर त्याने उत्तम क्षेत्ररक्षणाचे दोन गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवले. त्याच बॅटचा खेळाडू नुसता डीएच असता तर त्याचं गणित फार लवकर बिघडलं असतं.

ट्रिपल-ए मध्ये आणखी एक गाळणी जरूर लावा: फास्टबॉल आणि ९५ मैलांच्या वर. तिथे ९१-९२ च्या चेंडूंवर पोट भरणारे फलंदाज पुष्कळ असतात. ९५ च्या वरच्या झोनमधल्या चेंडूवर संपर्क एकदम कोसळत असेल, तर बाकी सगळं लाल असलं तरी थांबा. डावखुऱ्या फलंदाजासाठी पिचरचा हातही तपासा. डावखुऱ्या पिचरांपुढे जो उभा राहू शकत नाही तो डीएच अर्धवेळचा झाला, आणि अर्धवेळ डीएच ही क्लबला न परवडणारी चैन आहे. ट्रिपल-ए मधलं वॉकचं (चार बाहेरचे चेंडू सोडून फर्स्ट बेस मिळण्याचं) प्रमाण मात्र जसंच्या तसं वर नेऊ नका. तिथे २०२३ मध्ये सगळ्या मैदानांवर यांत्रिक स्ट्राइक झोनचे प्रयोग सुरू झाले, झोन आकसलेला होता आणि वॉक भरपूर मिळत होते. त्याऐवजी झोनबाहेरच्या चेंडूंमागे तो किती टक्के जातो ते बघा. मेजर लीगची सरासरी २८ च्या आसपास आहे.

बॅटच्या बाबतीत सॅव्हंटविरुद्ध एकच तक्रार आहे. अपेक्षित आकडे, म्हणजे एक्सडब्ल्यूओबीए वगैरे, जे वेग आणि कोनावरून फटक्याची किंमत ठरवतात ते, चेंडू कुठल्या दिशेला गेला ते पाहत नाहीत. मैदानाच्या कोपऱ्याकडे खेचून मारलेला ३७० फुटांचा चेंडू होमरन असतो आणि सेंटरला तोच चेंडू झेल. ईसाक पारेडेसने २०२३ मध्ये ३१ होमरन मारले ते याच खेचून मारण्यावर, वेग मध्यम असूनही. त्यामुळे खेचणाऱ्याला हे आकडे कमी लेखतात आणि ताकद असून मधोमध मारणाऱ्याला जास्त. खेचून हवेत मारलेल्या चेंडूंचं प्रमाण सॅव्हंटच्याच बॅटेड बॉल पानावर मिळतं, ते शेजारी ठेवूनच अपेक्षित आकडे वाचा.

आता ग्लोव्ह. इथे सॅव्हंटने गुण गमावले ते दोन कारणांनी.

पहिलं, खेळाडूच्या पानाची रचना. वरच्या पट्ट्यांत फलंदाजीची आणि क्षेत्ररक्षणाची धावांत किंमत दिलेली असते, पण त्यात जागेचं वजन धरलेलं नसतं. सुरुवातीचा तो १७.५ धावांचा खड्डा पानावर कुठेच दिसत नाही. आणि गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की वाईट लेफ्ट फील्डरच्या पानावर क्षेत्ररक्षणाचा गोळा गडद निळा दिसतो, तर जो मैदानात उतरलाच नाही त्याचा रकाना रिकामा राहतो. दोघांची पानं शेजारी ठेवली तर ज्याच्यावर क्लबने ग्लोव्हचा विश्वासच टाकला नाही तोच जास्त साजरा दिसतो. रिकामा रकाना म्हणजे उणे १७.५ हे मनाशी पक्कं करूनच ते पान उघडावं.

दुसरं, मायनर लीगसाठी आउट्स अबव्ह ॲव्हरेज (सरासरीपेक्षा किती जास्त बाद केले ते), धावण्याचा वेग, थ्रोचा वेग यांतलं काहीच खुलं नाही. खेळाडू मेजर लीगमध्ये येईपर्यंत आपण आंधळे. तोवर हाताने काम करावं लागतं.

सर्वांत आधी तो कोणत्या हाताने फेकतो ते बघा. डाव्या हाताने फेकणाऱ्याला कॅचर, सेकंड, थर्ड आणि शॉर्टस्टॉप या चार जागा व्यवहारात बंद. उरतात फर्स्ट बेस, आउटफिल्ड आणि डीएच. ‘नंतर थर्ड बेसला बघू’ ही आशा पहिल्या ओळीतच संपते. फर्स्ट बेसला मात्र डावा हात फायद्याचा. जमिनीवरून आलेला ग्राउंडर उचलून सेकंडला फेकायला त्याला अंग वळवावं लागत नाही. मग बॅटपासून फर्स्ट बेसपर्यंतचा वेळ चित्रणावर स्टॉपवॉच लावून घ्या, बॅट चेंडूला लागल्या क्षणापासून पाय बेसवर पडेपर्यंत. डावखुऱ्या फलंदाजाला ४.२ आणि उजव्याला ४.३ सेकंद म्हणजे सरासरी, स्काउटांच्या २० ते ८० च्या मापात ५०. जीव तोडून धावलेल्या खेळीच घ्या. डावखुऱ्याला ४.५ लागत असतील तर कॉर्नर आउटफिल्डसुद्धा अवघड. बेसबॉल-रेफरन्सवर मायनर लीगमध्ये तो कुठल्या जागी किती सामने खेळला हे वर्षवार मिळतं, तेही पाहा. क्लबने एका वर्षात त्याला फर्स्ट बेसवरून राइट फील्डला हलवलं असेल, तर आधी फर्स्ट बेसला वर कोण बसलंय ते तपासा, मग त्याच्या पायांबद्दल निष्कर्ष काढा.

खेळाडू वर आला की सॅव्हंट पुन्हा उपयोगी पडतं. धावण्याच्या वेगाची लीग सरासरी सेकंदाला २७ फूट आहे. आउटफिल्डर जंप हे पान तर या प्रश्नासाठीच केल्यासारखं आहे. चेंडू उडाल्यापासूनच्या पहिल्या तीन सेकंदांचे ते तुकडे करतं: पहिल्या दीड सेकंदातली प्रतिक्रिया, पुढच्या दीड सेकंदातला जोर, आणि वाटेचा सरळपणा, सगळं सरासरीपेक्षा किती फूट पुढे-मागे. फर्स्ट बेसवरून आउटफिल्डला आलेल्या नवख्यात हा फरक लाखमोलाचा. प्रतिक्रिया आणि वाट कच्ची असेल, तर सरावाने सुधारायला वाव आहे. जोरच कमी असेल, तर ते पाय आहेत, त्यावर कोच फार काही करू शकत नाही.

काइल श्वार्बरचा प्रवास या सगळ्या हिशेबाची कसोटी आहे. इंडियाना विद्यापीठाचा हा कॅचर शिकागो कब्जने २०१४ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतला. २०१५ मध्ये त्याने ६९ सामन्यांत १६ होमरन मारले, पण कॅचर म्हणून तो टिकणार नाही हे दिसत होतं. मेजर लीगच्या दोन लीगांपैकी कब्जच्या नॅशनल लीगला तेव्हा डीएच नव्हता, म्हणून लेफ्ट फील्ड. एप्रिल २०१६ मध्ये तिथेच सहकाऱ्याशी टक्कर होऊन डाव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध फाटले. वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, तो परतला तो बहुतांशी डीएच म्हणून, अमेरिकन लीगच्या मैदानावर, आणि १७ संधींत ७ हिट मारून गेला. २०१७ मध्ये ३० होमरन, सरासरी .२११, मधे ट्रिपल-ए ची वारी. २०२० च्या शेवटी कब्जने त्याला करार न देता सोडून दिलं. २०२२ पासून डीएच दोन्ही लीगना लागू झाला आणि फिलाडेल्फियाने त्याला चार वर्षांसाठी ७ कोटी ९० लाख डॉलर दिले. ४६, ४७, ३८ आणि २०२५ मध्ये ५६ होमरन. तरी २०२३ मध्ये त्याला पुन्हा लेफ्ट फील्डला शंभराहून जास्त सामने उभं राहावं लागलं, कारण कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरणारा ब्राइस हार्पर डीएचची जागा अडवून होता. हार्पर फर्स्ट बेसला गेला तेव्हा श्वार्बर मोकळा झाला. जागा नसलेल्या खेळाडूची किंमत त्याच्या बॅटइतकीच शेजाऱ्याच्या कोपरावर ठरते, आणि हे कुठल्याच पर्सेंटाइलमध्ये येत नाही. म्हणून क्लबची २६ जणांची यादी शेजारी उघडी ठेवावी. पिचर १३ पर्यंत, म्हणजे फलंदाज १३. नऊ खेळले की बाकावर चार, त्यात एक राखीव कॅचर. ज्या क्लबकडे आधीच एक म्हातारा, महागडा डीएच आहे, तिथे तुमच्या तरुणाला दोन वर्षं वाट पाहावी लागू शकते.

कॅग्लियानोनेच्या बाबतीत हेच झालं. तो डाव्या हाताने फेकतो, फर्स्ट बेसला विनी पास्क्वांटिनो, आणि साल्वादोर पेरेझ कॅचिंगच्या मधल्या दिवसांत फर्स्ट बेस व डीएच वाटून घेत होता. उरलं राइट फील्ड. २०२५ मध्ये मेजर लीगच्या ६२ सामन्यांत .१५७ आणि ७ होमरन. नुसतं हे वाचून लोकांनी त्याला फॅन्टसी संघांतून काढलं. सॅव्हंटचं पान मात्र वेगळं सांगत होतं: बॅटचा सरासरी वेग ७५ मैलांच्या पलीकडे, जिथे लीग ७२ च्या आसपास आहे, आणि अपेक्षित आकडे प्रत्यक्षापेक्षा बरेच वर. ताकदीची शंका नाही. शंका झोनबाहेर जाण्याच्या सवयीची, ती कॉलेजपासूनची. आमच्या हिशेबी तो राइट फील्डला तग धरला तर मोठा खेळाडू, डीएच झाला तर १२५ चा उंबरठा गाठायला त्याला ती सवय मोडावीच लागेल.

सॅव्हंटच्या जोडीला फॅनग्राफ्सचा द बोर्ड, म्हणजे प्रॉस्पेक्टची यादी, ठेवा. तिथे कच्ची ताकद आणि सामन्यातली ताकद यांचे वेगवेगळे गुण असतात. दोन्हींत १५-२० चं अंतर असेल तर आपल्या फाइलमधला कोन आणि संपर्क पुन्हा तपासायचा. क्षेत्ररक्षणाचा गुण तिथे माणसाने डोळ्यांनी पाहून दिलेला असतो आणि मायनर लीगपुरता तोच सॅव्हंटपेक्षा जास्त विश्वासाचा.

काम कॉम्प्युटरवरच करा, फोनवर तक्ते आडवे सरकवत बसावं लागतं. फाइल हंगामात दोनदा उतरवणं पुरे: एकदा खेळाडूचे शंभरेक फटके मैदानात पडल्यावर, एकदा ऑगस्टच्या अखेरीस. पहिल्या वेळी फक्त वेगाचा नव्वदावा टक्का वाचा. झोनमधला संपर्क आणि बाहेर जाण्याचं प्रमाण दुसऱ्या फाइलसाठी राखून ठेवा, कारण तोवर पिचरांनी त्याची कमजोर जागा शोधलेली असते आणि ते तिथेच चेंडू टाकत असतात.